टबाशेजारचे सॉकेट आणि ‘ईएलसीबी आहे ना’ ही समजूत

प्रश्न : शिरपूर तालुक्यातील आमच्या गावी जुने धाब्याचे घर पाडून नवे बांधकाम चालू आहे. पुण्याच्या मुलाच्या आग्रहावरून एका बाथरूममध्ये आंघोळीचा टब बसवत आहोत. बाथरूम आठ बाय सहा फुटांचे आहे. टब सहा फुटी भिंतीला लागून असून अडीच फूट रुंद आहे. टबाच्या कडेपासून दोन फुटांवर, बेसिनशेजारी, वायरमनने सोळा अँपिअरचे सॉकेट काढले आहे. त्यावर गीझर, हेअर ड्रायर आणि पुढेमागे वॉशिंग मशीनही चालवावे, असा विचार आहे. इंग्लंडमध्ये राहणारी भाची म्हणते की, तिकडे बाथरूममध्ये साधे सॉकेट नसतेच. वायरमन म्हणतो, ‘ईएलसीबी लायेल शे, काही व्हस नही ताई.’ (वीज गळली की पुरवठा तोडणारे उपकरण, म्हणजे ईएलसीबी, लावले आहे, काही होत नाही.) थंडीत मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी येणार आहे, आणि सासूबाईंना पाणी तापवायला बादलीतल्या रॉडचीच सवय आहे. पुढच्या आठवड्यात टाइल्स बसतील. सॉकेट राहू द्यावे की काढावे?

उत्तर : ताई, सस्नेह नमस्कार.

सॉकेट काढावे, आणि टाइल्स बसण्याच्या आत काढावे. कारण आज हे काम एका दुपारचे आहे, टाइल्स बसल्यावर मात्र ते फोडाफोडीचे होईल आणि मग घरातले सगळेच ‘राहू द्या आता’ म्हणतील. गीझरला सॉकेट आणि पिन यांची गरज नाही. त्याची वायर भिंतीतील नळीतून थेट गीझरपर्यंत न्यावी, तेथे ती पक्की जोडून घ्यावी आणि तिचा स्विच बाथरूमच्या दाराबाहेर बसवावा. उरलेल्या दोन वस्तूंचा, म्हणजे हेअर ड्रायर आणि वॉशिंग मशीन यांचा, बाथरूमशी काहीही संबंध ठेवू नये.

आपल्या भाचीचे म्हणणे बरोबर आहे. ब्रिटनमध्ये घरातील वायरिंगसाठी बी.एस. ७६७१ हे मानक पाळले जाते. टब किंवा शॉवर असलेल्या खोलीत साधे सॉकेट टबाच्या कडेपासून आडव्या रेषेत किमान ३ मीटर दूर असावे, अशी त्यात अट होती. २०२२ च्या दुरुस्तीत हे अंतर अडीच मीटर करण्यात आले. अडीच मीटर म्हणजे सव्वाआठ फुटांना थोडेसे कमी. आपले बाथरूम आठ फूट लांब आहे आणि त्यातील अडीच फूट टबाने घेतले आहेत. म्हणजे टबाच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत साडेपाच फूट, म्हणजे पावणेदोन मीटरांहूनही थोडे कमी, उरतात. या मापाने आपल्या बाथरूममध्ये सॉकेट बसू शकेल अशी एकही जागा नाही. तिकडच्या बहुतेक घरांतील बाथरूमही याहून मोठी नसतात, म्हणून तेथे दाढीच्या यंत्रापुरते छोटे सॉकेट तेवढे दिसते. त्याच्या आत स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यातून हेअर ड्रायर चालेल एवढी वीज मिळतच नाही. दिव्याचा स्विचही अनेक ठिकाणी छताला असतो आणि तो दोरी ओढून चालवतात.

आता आपला वायरमन जाणकार असेल, तर तो एक मुद्दा काढील, आणि तो खोटा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत टब असलेल्या खोलीचे पट्टे पाडलेले आहेत. टबाच्या आतला भाग हा शून्य पट्टा, टबाच्या वर जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा भाग हा पहिला पट्टा आणि त्याच्या बाहेर ६० सेंटिमीटरपर्यंतचा दुसरा. या तिन्ही पट्ट्यांत साधे सॉकेट चालत नाही. त्यांच्या बाहेर मात्र ३० मिलिअँपिअरच्या संरक्षणासह, म्हणजे तेवढ्या गळतीला वीज तोडणाऱ्या उपकरणासह, चालू शकते. ६० सेंटिमीटर म्हणजे दोन फुटांना अगदी थोडे कमी. म्हणजे आपले सॉकेट सीमारेषेला चिकटून, पण तिच्या बाहेर आहे, असे तो म्हणू शकेल. तरीही मी ब्रिटनचे अंतर धरून चालावे असे सांगतो, आणि त्याचे कारण साधे आहे. नियम मोजतो ते सॉकेटचे अंतर. धोका मात्र वायरीच्या लांबीइतका पुढे सरकतो. हेअर ड्रायरची वायर सहसा दीड ते दोन मीटर असते. दोन फुटांवरच्या सॉकेटात पिन घातली की तो ड्रायर टबाच्या कडेवरच काय, टबातही पोहोचतो. शिवाय ड्रायरचे बटण बंद असले, तरी पिन आत आणि भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत त्याच्या आतील काही भागात वीज असतेच. ‘बंद होता, म्हणून बाजूला ठेवला होता’ हे वाक्य म्हणूनच भरवशाचे नाही.

ज्यांच्या घरी टब नाही त्यांनीही हे वाचून सुटकेचा श्वास टाकू नये. टब नसलेल्या, शॉवरच्या जागेसाठी आंतरराष्ट्रीय नियमात पाणी पडण्याच्या बिंदूपासून १.२ मीटरपर्यंतचा भाग पहिला पट्टा धरतात. आपल्याकडची सर्वसाधारण न्हाणी चार बाय सहा फुटांची असते. बादली मध्ये ठेवून तांब्याने अंगावर पाणी घेतले की चारही भिंती भिजतात, जमीन तर पूर्ण ओली असते, आणि आंघोळ करणारा माणूस अनवाणी असतो. अशा न्हाणीत सुरक्षित कोपरा शोधण्यात अर्थ नाही. तेथे सॉकेटची जागा एकच, ती म्हणजे दाराबाहेर.

ओल्या अंगाचा एवढा बाऊ का, हेही आकड्यांत पाहावे. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. कोरडी, निबर कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. भिजलेली कातडी फारसे अडवत नाही, आणि शरीराचा एकूण विरोध हजार ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. तसे झाले तर शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. सुमारे १० मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. याच्या काही पट प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. आता बोर्डावरील सोळा अँपिअरच्या एमसीबीचा, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा, विचार करावा. ती पडण्यासाठी सोळा अँपिअरपेक्षा जास्त, म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअरच्या वर, प्रवाह लागतो. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवते. माणसाला वाचवणे हे तिचे कामच नाही.

ते काम आरसीसीबीचे, जिला बाजारात आणि आपल्या वायरमनच्या तोंडी अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीतून, गेलेली वीज न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून, तेवढीच परत आली की नाही, हे ती सतत ताडून पाहते. मध्येच काही वीज कोणाच्या अंगातून किंवा भिजलेल्या भिंतीतून जमिनीत गेली, तर हिशेब जुळत नाही आणि ती पडते. घरासाठी ती ३० मिलिअँपिअरचीच असावी. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची आग टाळण्यास उपयोगी असते, माणसाच्या संरक्षणासाठी नव्हे. दुकानदार हातात देईल ती न घेता डबीवर ३० एमए आणि आय.एस. १२६४० हा मानक क्रमांक पाहून घ्यावी. ती आपल्याकडे असेल तर उत्तमच आहे. पण ‘ती आहे म्हणून टबाशेजारी सॉकेट चालेल’ हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि त्याची कारणे थोडी सविस्तर सांगायला हवीत.

पहिले कारण असे की, ती विजेचा झटका टाळत नाही. तो किती वेळ बसेल एवढेच ठरवते. ३० मिलिअँपिअर गळतीला तिने ०.३ सेकंदाच्या आत आणि १५० मिलिअँपिअरला ०.०४ सेकंदात पडणे अपेक्षित असते. तेवढ्यात जीव बहुधा वाचतो. पण ओल्या फरशीवर दचकून पाय घसरून डोके आपटायलाही तेवढा वेळ पुरतो. गरोदर मुलीच्या बाबतीत हा विचार मी अधिकच करीन.

दुसरे कारण टबाशीच निगडित आहे. आजकालचा टब ॲक्रिलिकचा आणि त्याचा सांडपाण्याचा पाइप पीव्हीसीचा असतो. दोन्ही विजेचे वाहक नाहीत. अशा टबात चालू ड्रायर पडला, तर वीज फेजकडून पाण्यातून थेट ड्रायरच्याच न्यूट्रलकडे जाऊ शकते. जेवढी गेली तेवढीच परत आली, म्हणून आरसीसीबीला गळती दिसत नाही. पाण्यातला माणूस भेदरून नळाला हात लावतो, तेव्हा त्याच्या अंगातून जमिनीकडे वाट मिळते आणि मग कदाचित ती पडते. माणसाने एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल दोन्हींना स्पर्श केला, तरीही तिच्या दृष्टीने तो एक साधा बल्बच असतो.

तिसरे कारण आपल्या गावाकडचे. नव्या घरात दोन खोल्यांच्या न्यूट्रल वायरी एकमेकींत मिसळल्या, किंवा पावसाळ्यात एखाद्या भिंतीत ओल आली, की आरसीसीबी वारंवार पडू लागते. तिचे कारण शोधण्यात वेळ जातो, म्हणून घाईत असलेला माणूस तिला वगळून लाइन ‘डायरेक्ट’ करून देतो. खोका बोर्डात तसाच दिसतो, घरातील मंडळी निर्धास्त असतात. तिच्यावर ‘टी’ अक्षराचे छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. घरातील वीज लगेच जायला हवी. लक्षात राहत नसेल तर अमावास्येचा दिवस धरावा, तेवढ्या कामासाठी मुहूर्त चांगला आहे. बटण दाबल्यावर ती पडली नाही, किंवा ती पडूनही बाथरूममधील दिवा चालूच राहिला, तर वायरमनला बोलवावे. या बटणाने फक्त ते उपकरण तपासले जाते, अर्थिंग नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

अर्थिंगकडे आपल्या भागात वेगळे लक्ष द्यावे लागते. तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात ओली असते तोवर अर्थिंगला फार चांगली; पण एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा तीच जमीन भेगाळते आणि खड्ड्यातील पट्टीपासून किंवा पाइपापासून सुटते. पावसाळ्यानंतर तपासून ‘ओके’ म्हटलेले अर्थिंग उन्हाळ्यात निकामी झालेले असू शकते. खड्ड्यावर झाकण असलेले चौकोनी कुंड करून घ्यावे, उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालावे आणि मोजणी एकदा मे महिन्यात करून घ्यावी. अंगणात फरशी घालताना तो खड्डा फरशीखाली गाडला जाणार नाही, याकडे आपण स्वतः उभे राहून लक्ष द्यावे.

आणि एक गोष्ट डोळ्यांनी पाहून घ्यावी. वायरमनला मुख्य स्विच बंद करून कोणतेही एक सॉकेट उघडून दाखवायला सांगावे. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाच्या मागे हिरवी वायर असली पाहिजे आणि ती बोर्डाकडे स्वतंत्र गेली पाहिजे. तेथे हिरव्या वायरीऐवजी न्यूट्रलपासून आणलेला वायरीचा एक तुकडा दिसला, तर अर्थ आणि न्यूट्रल तेथेच जोडले आहेत असे समजावे. ही युक्ती जीवघेणी आहे. कारण मागे कोठे न्यूट्रल तुटली की त्या सॉकेटवरील गीझरच्या किंवा मशीनच्या पत्र्यात पूर्ण २३० व्होल्ट उतरतात.

गीझरविषयी थोडक्यात. २ किलोवॉटचा गीझर सुमारे ९ अँपिअर आणि ३ किलोवॉटचा १३ अँपिअर वीज घेतो. त्यासाठी तांब्याची वायर अडीच चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी, चारची असल्यास अधिक बरे. दाराबाहेरचा स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डबल पोल, आणि लाल दिव्याचा घ्यावा. गीझर टबाच्या नेमका वर न टांगता समोरच्या भिंतीवर उंच लावावा. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त आहे. ते क्षार गीझरच्या कॉइलवर थर धरतात, कॉइल जास्त तापते आणि तिचे आवरण चिरले की वीज पाण्यात उतरते. म्हणून कॉइल वर्षातून एकदा काढून साफ करून घ्यावी. अर्थिंग आणि आरसीसीबी यांची मोजणी होईपर्यंत पाणी तापले की स्विच बंद करून मगच आंघोळीला जावे. विजेची भीती वाटते म्हणून कोणी गॅस गीझर सुचवील. तो बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

आता सासूबाईंचा रॉड. खरे सांगायचे तर आपल्या घरात मला टबापेक्षा या रॉडची काळजी अधिक वाटते. टबात आठवड्यातून एखाद्या वेळी कोणी बसेल. रॉड मात्र थंडीत रोज पहाटे लागेल आणि बाळंतिणीच्या व बाळाच्या आंघोळीच्या दिवसांत दोन-दोन बादल्यांसाठी लागेल. त्या वेळी मालिश करणाऱ्या मावशींचे हात तेलाचे-पाण्याचे असतात, बाळ रडत असते, आणि पाणी किती कढत झाले हे पाहायला सवयीने बोटे बादलीत जातात. रॉड चालू असताना बोट पाण्यात घालणे, एवढ्या एकाच सवयीने घात होतो. रॉडचे आवरण केसाएवढे चिरले तरी डोळ्यांना दिसत नाही, पाणी मात्र तापतच राहते, त्यामुळे काही बिघडले आहे याची शंकाही येत नाही. लोखंडी किंवा जर्मनच्या बादलीत तर बादलीच्या कडीतही वीज येते.

सासूबाईंना रॉड सोडवणार नसेल, तर त्याची जागा बदलावी. मागच्या ओट्यावर, न्हाणीपासून दूर, कंबरेच्या वर सोळा अँपिअरचे सॉकेट द्यावे आणि ते आरसीसीबीतूनच आलेले असावे. दीड किलोवॉटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, म्हणून तो पंख्या-दिव्यांच्या सहा अँपिअरच्या सॉकेटवर लावू नये. रॉड आय.एस. ३६८ या क्रमांकासह आयएसआय छाप असलेला आणि तीन पिनांचा घ्यावा. पिन बसत नाही म्हणून जाड पिन तोडणे किंवा वायरी सोलून आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणे, हे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात आणि ते आपल्या घरात कोणालाही करू देऊ नयेत. पाणी रॉडवरच्या खुणेपर्यंत आल्यावरच स्विच चालू करावा. तापल्यावर आधी स्विच बंद, मग पिन बाहेर, मग रॉड बाहेर, आणि त्यानंतरच हात पाण्यात, हा क्रम घरातील प्रत्येकाच्या अंगवळणी पडला पाहिजे. शेकासाठी विजेचा हीटर बाथरूममध्ये मुळीच नेऊ नये. बाळंतिणीला कोरडे करून खोलीत आणावे आणि तेथेच शेक द्यावा.

कोणाला झटका बसलाच, तर त्या व्यक्तीला हात न लावता प्रथम मुख्य स्विच पाडावा आणि १०८ ला फोन करावा. तो मुख्य स्विच कोठे आहे, हे सासूबाईंनाही ठाऊक असावे आणि त्यांचा हात तेथे पोहोचावा, अशा उंचीवर तो बसवून घ्यावा.

वॉशिंग मशीन मागच्या ओट्यावर किंवा गॅलरीत, छपराखाली ठेवावे. केस वाळवणे, दाढीचे ट्रिमर आणि मोबाइल चार्ज करणे, ही सगळी कामे शयनगृहातील आरशापाशी होतील; मुलाने कुरकुर केली तर तेथे एक चांगला आरसा आणि जादा सॉकेट त्याला द्यावे.

हे सारे काम शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत करून घ्यावे. नव्या वीजजोडणीसाठी महावितरणकडे त्याच्या सहीचा चाचणी अहवाल द्यावाच लागतो. तो कोऱ्यावर सही घेऊन भरला जाणार नाही, यासाठी इन्सुलेशनची आणि अर्थिंगची मोजणी आपल्यासमोर करायला लावावी. आपल्या नेहमीच्या वायरमनला दुखवण्याचे कारण नाही, तोच त्या ठेकेदाराच्या हाताखाली काम करू शकतो.

सॉकेटची पेटी काढल्यावर आतील वायरी मागे बोर्डापर्यंत ओढून घ्यायला सांगावे. टोकांना पट्टी गुंडाळून त्या टाइलमागे तशाच सोडू नयेत. आणि टाइल्स लावण्याच्या आदल्या दिवशी, भिंतीवर मोजपट्टी धरून गीझरच्या नळीचे दोन-तीन फोटो काढून ठेवावेत. पुढे टॉवेलची दांडी किंवा आरसा लावायला कोणी ड्रिल घेऊन येईल, तेव्हा वायर कोठून गेली आहे हे त्याला दाखवता येईल.